शनिवार पेठेतलं दुकान शोधायचं कसं: जुनी वर्तमानपत्रं, वह्या आणि सरकारी दप्तरं

ताई, तुमच्या प्रश्नाचा सारांश असा: पणजोबांचं पुण्यात शनिवार पेठेत किराणा-भुसाराचं दुकान होतं. घराणं मूळचं सुप्याकडचं, असं आजी सांगायची. पुढे आजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ दुकान बघत. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, त्यात दुकान गेलं ते पुन्हा उभं राहिलं नाही. आज हाताशी मोडीतली एक वही, चार-दोन पावत्या आणि दुकानाची पाटी दिसते असा एक फोटो आहे. आडनाव घेऊन केसरीच्या जुन्या अंकांत बरंच शोधलंत, काही सापडलं नाही. आता सुरुवात कुठून करायची?

आडनाव तूर्त बाजूला ठेवा आणि दुकान धरा. दुकानदारांच्या घराण्याचा माग काढताना बहुतेक लोक इथेच अडतात. जुन्या कागदांत वाण्या-व्यापाऱ्याचं नाव आडनावासकट फार कमी वेळा येतं. 'अमुकशेट बिन तमुकशेट वाणी, राहणार पेठ शनिवार' एवढंच येतं ('बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा), नाहीतर नुसतं पेढीचं नाव येतं. पेढीचं नाव तर वारलेल्या आजोबांचं किंवा थोरल्या काकांचं असतं आणि पुढच्या दोन पिढ्या तेच चालू ठेवतात. आडनाव पक्कं होतं ते शाळेत नाव घालताना किंवा खरेदीखत करताना, आणि तेव्हाही सख्ख्या भावांची आडनावं वेगळी लागल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. याउलट दुकान एका जागी असतं. ते भाडं भरतं, घरपट्टी भरतं, परवाना काढतं, उधारी वसूल करायला कोर्टात जातं, भाऊ वेगळे झाले की त्याची वाटणी होते. यातल्या प्रत्येक गोष्टीचा कागद होतो, आणि तो कागद बहुतेक वेळा जागेच्या हिशेबाने लावलेला असतो. जागा पक्की झाली की माणसं त्या जागेवर एकामागून एक दिसायला लागतात.

पण बाहेर पडण्याआधी घरातली वही. ती मोडीत आहे म्हणून तुम्ही तिला हात लावलेला नाही, असं दिसतं. तुमच्याकडचा सगळ्यात मोलाचा कागद तोच आहे.

आधी ती रोजकीर्द आहे की खतावणी, हे बघून घ्या. रोजकीर्दीत दर दिवसाची जमा आणि नावे ओळीने येते, खतावणीत एकेका माणसाचं किंवा खात्याचं पान असतं. मोडी वाचणारा माणूस मिळाला की त्याला पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचायला बसवू नका. मिरची, गूळ आणि तेलाच्या रकमांत त्याचाही वेळ जाईल आणि तुमचाही. पहिलं पान, शेवटचं लिहिलेलं पान, घरखर्च खातं आणि धर्मादाय खातं एवढं आधी वाचून घ्या. पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं, त्यातून तयार झालेले वाचक पुण्यात भेटतात. मात्र सरकारी दप्तराचं मोडी वाचणाऱ्याला दुकानी हात लगेच लागेल असं नाही. व्यापाऱ्याचा मुनीम घाईत लिहितो, कानामात्रा खातो, मालाच्या नावांचे स्वतःचे संक्षेप करतो. म्हणून ज्याने व्यापारी वह्या वाचल्या आहेत असाच माणूस मुद्दाम विचारून गाठा.

पहिलं पान नीट बघा. वर मधोमध श्री, खाली कुलदैवताचं नाव, मग शक, संवत्सराचं नाव, महिना, पक्ष, तिथी, वार. बऱ्याच वह्यांत गावच्या ग्रामदैवताचंही नाव येतं, आणि घराणं कुठून आलं हे शोधताना त्याचा उपयोग कुठल्याही वंशावळीपेक्षा जास्त होतो. जेजुरीचा खंडोबा लाखो घरांचा देव आहे, त्याने गाव ठरणार नाही. पण त्याच्या शेजारी एखाद्या लहान गावच्या नाथाचं किंवा आईचं नाव असेल तर तालुकाच काय, गावही ठरतं.

तारीख काढताना घोळ होतो. मराठी शकाचं वर्ष चैत्र शुद्ध प्रतिपदेला सुरू होतं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथी इंग्रजी नव्या वर्षात पडतात, तिथे ७९ मिळवावे लागतात. शके १८३० चा माघ म्हणजे १९०९ ची सुरुवात, १९०८ नव्हे. शिवाय गुजराती आणि बऱ्याच मराठी व्यापाऱ्यांच्या वह्या दिवाळीच्या पाडव्याला बदलतात आणि त्यावर विक्रम संवत असतो. त्या संवतातून पाडव्यापासून डिसेंबरअखेर ५७ वजा करायचे, जानेवारीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत ५६. वहीवर आकडा पुसट असेल किंवा कसरीने खाल्ला असेल तर संवत्सराचं नाव वाचा. साठ वर्षांत एक नाव एकदाच येतं. 'कीलक नाम संवत्सरे' एवढं वाचता आलं तर ती वही शके १८३० ची, म्हणजे १९०८-०९ ची, नाहीतर त्याआधीच्या शके १७७० ची, म्हणजे १८४८-४९ ची. या दोनांतली कुठली हे कागद आणि शाई पाहून कोणीही सांगेल. मध्ये दुसरी शक्यताच नाही.

घरखर्च खातं वाचून घ्या म्हटलं त्याचं कारण बायका. सरकारी कागदात घरातली स्त्री जवळजवळ दिसत नाही. दिसली तर 'कोम' किंवा 'भ्रतार' लावून नवऱ्याच्या नावामागे येते, आणि तीही विधवा झाल्यावर मिळकतीला वारस म्हणून. पण दुकानाच्या वहीत लेकीच्या लग्नाचा खर्च पडतो, बाळंतपणाला सुंठ-डिंक घरात गेल्याची नोंद पडते, सासरी पाठवलेल्या दिवाळीची पडते. आत्याचं सासरचं गाव, आजीचं माहेर, कुणाचं तेराव्याचं जेवण, सगळं तिथे तारखेसकट असतं. धर्मादाय खात्यात कुठल्या देवळाला तेल जातं, कुठल्या क्षेत्रीच्या उपाध्यायाला दक्षिणा जाते, हे कळतं. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, पैठण, काशी, गया इथले तीर्थोपाध्ये आपल्या यजमानांच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळतात. त्यात आलेल्या माणसाने आपल्या हाताने किंवा उपाध्यायाकडून बाप, आजा, भाऊ, मुलगे, मूळ गाव असं लिहून दिलेलं असतं. वहीत उपाध्यायाचं आडनाव सापडलं तर थेट त्यांच्या घरी जाता येतं. नाही सापडलं तर गाव आणि जात सांगून विचारावं लागतं, कारण त्यांच्यात यजमान गावांप्रमाणे वाटलेले असतात.

रकमांबद्दल एकच सांगतो. पावलीसाठी उभी रेघ आणि आण्यांसाठी तिरप्या रेघा, अशी जुनी पद्धत आहे. वाचणारा नवखा असेल तर त्या रेघांना तो अक्षरं समजतो. आणि कुठल्याही पावतीवर तारीख नसेल पण भाव नव्या पैशात असेल तर ती १ एप्रिल १९५७ नंतरची. आणे-पै असतील तर बहुतकरून त्याआधीची. शेर-मण जाऊन किलो येणं पुढच्या चार-पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने झालं, त्यामुळे वजनांवरून इतकी नेमकी तारीख काढू नका.

आता जागा. तुमच्या पावत्यांवर आणि फोटोतल्या पाटीवर घर नंबर आहे का ते भिंग घेऊन पाहा. पुण्यात एकाच घराला दोन-तीन वेगवेगळे नंबर असतात आणि माग काढणारे त्यात चकतात. नगरपालिकेचा घर नंबर वेगळा, सिटी सर्व्हे नंबर वेगळा, आणि नगरपालिकेचे नंबरही मध्ये बदलले. दुकानाच्या पावतीवर बहुधा नगरपालिकेचा नंबर असतो. त्यावरून घरपट्टीची जुनी आकारणी नोंदवही पाहायची. पुण्याची नगरपालिका १८५७ ची, महानगरपालिका झाली १५ फेब्रुवारी १९५० ला, त्यामुळे नोंदवह्या सलग मिळतील अशी आशा धरू नका. जी वर्षं मिळतील ती घ्या. या नोंदवहीत मालकाचा रकाना वेगळा आणि भोगवटादाराचा, म्हणजे जागा प्रत्यक्ष वापरणाऱ्याचा, वेगळा असतो. हा दुसरा रकाना तुमच्यासाठी. पेठांतली बहुतेक दुकानं भाड्याची होती. वाडा एखाद्या ब्राह्मण किंवा सरदार घराण्याचा, रस्त्याकडेचे गाळे वाण्या-शिंप्याला दिलेले. तुमचे पणजोबा मालक नसतील तर मिळकत पत्रिकेवर, म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर, त्यांचं नाव कधीच येणार नाही, आणि म्हणून 'आमची काही नोंदच नाही' असं समजून लोक परत फिरतात. नोंद असते, भोगवटादाराच्या रकान्यात.

घर नंबरावरून सिटी सर्व्हे नंबर मिळाला की नगर भूमापन कार्यालयात मिळकत पत्रिकेची नक्कल मागा, आणि तिच्याबरोबर चौकशी नोंदवहीचा उतारा मागायला विसरू नका. लोक नुसती पत्रिका घेऊन येतात. पत्रिकेवर मूळ धारकाचं नाव आणि पुढचे फेरफार असतात. चौकशी नोंदवहीत मात्र भूमापनाच्या वेळी ही जागा तुमच्याकडे कशी आली, हे अधिकाऱ्याने विचारलेलं असतं आणि उत्तर लिहून घेतलेलं असतं: वडिलार्जित, अमुक साली अमुकाकडून खरेदी, गहाण, बक्षीस. कधी त्यात जुन्या खताची तारीख येते. ती तारीख घेऊन दुय्यम निबंधकाकडे जायचं. नोंदणी कायदा १९०८ चा असला तरी दस्त नोंदवण्याची सक्ती १८६० च्या दशकापासूनची आहे. नोंदलेल्या दस्तांच्या सूचीला सगळे लोक 'इंडेक्स टू' म्हणतात, पण ती मिळकतीची सूची झाली. माणसांच्या नावांची सूची इंडेक्स वन आहे, मृत्युपत्रांची तीन नंबरची. भाडेकरू दुकानदार मिळकतीच्या सूचीत दिसणार नाही; पण त्याने दुकानावर कर्ज काढलं, मुखत्यारपत्र दिलं, वाटणीपत्र केलं तर नावाच्या सूचीत दिसू शकेल. दोन्ही बघा.

माहितीच्या अधिकाराने सुरुवात करू नका, हा माझा आग्रह आहे. आधी साधा नक्कल अर्ज द्या. अभिलेख कक्षातला कारकून सहकार्य करायच्या मनःस्थितीत असतो, तो माहितीच्या अर्जाने सावध होतो. सरकारी कागदांची वर्गवारी असते हेही लक्षात ठेवा: अ वर्गाचे कायम ठेवतात, ब वर्गाचे तीस वर्षं, त्याखालचे लवकर नष्ट होतात. परवान्यांचे अर्ज, रेशनच्या याद्या अशा गोष्टी खालच्या वर्गात पडतात, म्हणून युद्धकाळातल्या कंट्रोलच्या दुकानांचे कागद फार कमी ठिकाणी उरले आहेत.

एक कागद मात्र दुकानदार घराण्यांत पुष्कळदा घरीच सापडतो: शॉप अॅक्टचा, म्हणजे गुमास्ता परवान्याचा. आधी १९३९ चा कायदा होता, मग १९४८ चा मुंबई दुकाने व संस्था अधिनियम आला. नोंदणीच्या अर्जात नोकरांबरोबर दुकानात काम करणाऱ्या घरच्या माणसांचीही नावं द्यावी लागत. १९५० च्या आसपास दुकानात नेमकं कोण बसत होतं, थोरले काका होते की वेगळे झाले होते, हे त्या एका कागदाने कळतं. चुलत घरांत विचारा. जुन्या फ्रेममध्ये नवा परवाना बसवताना मागे जुना तसाच राहिलेला असतो.

आता वर्तमानपत्रं. पुण्यासाठी तुम्हाला मुख्यतः तीन लागतील. ज्ञानप्रकाश १८४९ पासून १९५१ पर्यंत चाललं. केसरी ४ जानेवारी १८८१ पासून आहे, आणि आधीची कित्येक वर्षं ते दर मंगळवारी निघणारं साप्ताहिक होतं. सकाळ १ जानेवारी १९३२ ला सुरू झाला. तुम्ही फक्त केसरी पाहिलात, आणि किराणा दुकानदार शोधायला केसरी या तिघांतला सगळ्यात कमी उपयोगाचा आहे. केसरीचं लक्ष देशाच्या राजकारणाकडे. ज्ञानप्रकाशात नगरपालिकेच्या सभा, गावातल्या घडामोडी जास्त येत. नानासाहेब परुळेकरांनी तर सकाळ उभाच केला तो स्थानिक बातमीवर: मंडई, बाजारभाव, पेठेतली चोरी, आग, पाणी. तुमचे आजोबा १९३२ नंतर दुकानात बसत असतील तर सकाळचे जुने अंक आधी काढा. केसरीसाठी केसरीवाडा आहेच. बाकीच्यांसाठी पुणे नगर वाचन मंदिर, पुणे मराठी ग्रंथालय, मुंबईचं मराठी ग्रंथसंग्रहालय इथे चौकशी करा. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने ग्रंथसंजीवनी या नावाने जुनी पुस्तकं, गॅझेटं आणि वर्तमानपत्रं इंटरनेटवर ठेवली आहेत, ती घरबसल्या पाहता येतात.

इंटरनेटवर शब्द टाकून शोधताना जुनं शुद्धलेखन लक्षात घ्या. १९६२ च्या नियमांआधी 'नांव', 'दुकानांत', 'कांहीं', 'पेठेंत' असं छापलं जायचं. आजच्या पद्धतीने टाइप केलेला शब्द तिथे लागणार नाही. इंग्रजी अंकांत तर पुण्याचं, साताऱ्याचं स्पेलिंगसुद्धा वेगळं आहे, माणसांच्या नावांचं विचारूच नका. जुन्या देवनागरी खिळ्यांचं यंत्रवाचन अजून भरवशाचं नाही. म्हणून शोध लागला नाही याचा अर्थ अंकात नाही असा धरू नये. पानं डोळ्यांनीच चाळावी लागतात, आणि म्हणूनच कुठल्या तारखा चाळायच्या हे आधी ठरवावं लागतं.

किराणा दुकानदार बातमीत कधी येतो? आग लागली, चोरी झाली, भेसळीचा किंवा काळ्या बाजाराचा खटला झाला, नगरपालिकेच्या निवडणुकीला उभा राहिला, किंवा वर्गणी दिली तर. वर्गणीच्या याद्या लोक वगळतात, तुम्ही वगळू नका. दुष्काळ फंड, शाळा-वाचनालयांच्या देणग्या, १९२१ चा टिळक स्वराज्य फंड, गणपती मंडळांचे अहवाल यांत रुपया-दोन रुपये देणाऱ्यांची नावं पेठेसकट छापली जात. पुण्यात प्लेग आला त्या १८९७ च्या सुमाराचे अंक मुद्दाम पाहा. पेठा ओस पडल्या, माणसं झोपड्यांत गेली, दुकानं बंद झाली. दुकान हलवलं किंवा पुन्हा उघडलं असेल तर त्याची खूण तिथे मिळू शकते. जाहिराती पाहायच्या त्या दसरा, दिवाळी आणि पाडव्याच्या आधीच्या अंकांत. १९०५ नंतरच्या स्वदेशीच्या दिवसांत 'देशी साखर मिळेल' अशा छोट्या जाहिराती देणारे किराणा दुकानदार पुष्कळ होते. घरचा मसाला, दंतमंजन किंवा उदबत्ती स्वतःच्या छापाने विकत असाल तर आणखी एक जागा आहे. १९४० चा ट्रेडमार्क कायदा येण्याआधी छापाची नोंदणी अशी नव्हतीच. लोक मालकीचं प्रतिज्ञापत्र निबंधकाकडे नोंदवून वर्तमानपत्रात इशारा छापत, की हा छाप आमचा आहे, नक्कल केल्यास फिर्याद करू. त्या इशाऱ्यात मालकाचं पूर्ण नाव, पत्ता आणि छापाचं वर्णन येतं.

पण दुकानदारासाठी सगळ्यात कामाचा मजकूर बातम्यांत नसतो, जाहीर नोटिशींत असतो. तुम्ही म्हणता आजोबा आणि त्यांचे भाऊ मिळून दुकान बघत. म्हणजे ते एकत्र कुटुंबाचं दुकान होतं, आणि एकत्र कुटुंबाचा धंदा ही भागीदारी नव्हे, तिला नोंदणी लागत नाही. म्हणून एवढी वर्षं दुकान चालूनही निबंधकाच्या भागीदारी रजिस्टरात काही दिसत नाही. घरात वाटणी झाली आणि भावांनी आपसांत ठरवून धंदा मात्र एकत्र ठेवला, की ते भागीदार होतात. मग १९३२ च्या भागीदारी कायद्याखाली पेढीची नोंदणी करता येते. आणि पुढे कुणी भाऊ निवृत्त झाला किंवा पेढी मोडली तर त्या कायद्याच्या ७२ व्या कलमाप्रमाणे जाहीर नोटीस द्यावी लागते: सरकारी गॅझेटमध्ये आणि त्या जिल्ह्यात खपणाऱ्या एका तरी देशी भाषेतल्या वर्तमानपत्रात. पेढी नोंदलेली असेल तर निबंधकालाही कळवावं लागतं. एका घटनेचे असे तीन कागद तीन ठिकाणी होतात. एक सापडला की उरलेल्या दोघांची तारीख आपल्याला कळते.

अशी नोटीस हातात आली की ती सावकाश वाचा. 'तमाम लोकांस कळविण्यात येते की' याच्यापुढे पेढीचं नाव येतं, ते पाटीवरच्या नावाशी ताडून पाहा. मग कोण बाहेर पडलं आणि कोण राहिलं, त्यांची वडिलांच्या नावासकट नावं. इथेच घराण्याच्या दोन पिढ्या एका वाक्यात बसतात. मग येणं-देणं कोणाकडे गेलं हे लिहिलेलं असतं. ज्याच्याकडे येणं-देणं गेलं त्याच्याच घरात पुढच्या वह्या गेल्या. तुमच्या घरी एकच वही का आहे आणि बाकीच्या कोणत्या चुलत घरी विचाराव्यात, याचं उत्तर अनेकदा त्या ओळीत असतं. शेवटी वकिलाचं नाव आणि पत्ता. कोर्टाच्या लिलावाच्या नोटिशी याच पद्धतीने वाचायच्या; त्यांत दाव्याचा नंबर असतो आणि मिळकतीच्या चतुःसीमा असतात. चतुःसीमा नेहमी उतरवून घ्या. पूर्वेस अमक्याचं घर, दक्षिणेस बोळ, या चार ओळींवरून दुकान नकाशावर बसतं, आणि शेजाऱ्यांच्या मिळकत पत्रिकांतून ते दुसऱ्या बाजूने पक्कं होतं.

सुप्याचं वेगळं लिहितो, कारण ते गाव दुकानदारांच्या इतिहासात साधं नाही. भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात १२ मे १८७५ ला शेतकऱ्यांनी सावकार-दुकानदारांवर हल्ला केला आणि तिथून दंगे पुणे-नगर जिल्ह्यांत पसरले. त्या काळचा खेड्यातला वाणी मीठ-मिरची विकायचा आणि कर्जही द्यायचा. दंगेखोरांना हवे होते ते कर्जरोखे, खतं आणि वह्या. त्या मिळाल्या की जाळायच्या. तुमचं घराणं तिथलं असेल तर १८७५ च्या आधीचा कागद घरात नसणं स्वाभाविक आहे, आणि पुण्याला येण्याची वेळही त्याच सुमाराची होती का, हे तपासून पाहण्यासारखं आहे. तपासून पाहण्यासारखं, एवढंच म्हणतो. जुळणी आवडली म्हणून ती खरी धरू नका. दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाच्या अहवालाला मोठी परिशिष्टं आहेत, त्यांत साक्षी आणि कर्जव्यवहारांची उदाहरणं आहेत. ती मुळातून वाचा. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमधून गावाचा बाजार, तिथला व्यापार आणि पुण्यातल्या पेठांची वस्ती कळेल, पण तिथे तुमच्या माणसांची नावं मिळणार नाहीत, तेव्हा त्यावर फार वेळ घालवू नका.

माणसांसाठी गावी कोतवाल बुक आहे. जन्ममृत्यूच्या या नोंदी म्हणजे गाव नमुना १४. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मिळतात. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमल्यापासून कुणबी नोंदी शोधण्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत जुनी मोडी-मराठी दप्तरं उघडून स्कॅन झाली आणि बरीच पानं जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आली. तुमचं घर वाण्याचं असलं तरी ती पाहा. एका पानावर एका जातीच्या नोंदी नसतात, गावात त्या आठवड्यात जो जन्मला किंवा वारला तो त्या पानावर असतो. शाळेचं जनरल रजिस्टरही सोडू नका. त्यात जन्मगाव आणि आधीची शाळा लिहिलेली असते. पुण्यातल्या शाळेत दाखल झालेल्या मुलाची आधीची शाळा सुप्याची निघाली तर घर हललं ते कोणत्या वर्षांच्या दरम्यान, हे कळतं.

पेशवाईचा उल्लेख तुम्ही शेवटी केलात, की पूर्वज शनिवारवाड्याला माल पुरवायचे असं घरात सांगतात. पुण्यातल्या कितीतरी दुकानदार घरांत ही आठवण आहे आणि ती टाकून देऊ नये. पण सुप्याहून १८७५ च्या सुमारास आलेलं घर आणि १८१८ आधी वाड्यावर माल देणारं घर ही दोन्ही एकच असतील तर मधल्या काळात ते गावी परत गेलं असलं पाहिजे. म्हणून हा शोध सगळ्यात शेवटी. पुणे पुरालेखागारातल्या पेशवे दप्तरात रोजकीर्दी आहेत, त्यांत खरेदीच्या नोंदी येतात. शिवाय दुकानांवर आणि कारागिरांवर मोहतर्फा नावाचा कर होता, तो मुंबई इलाख्यात १८४४ मध्ये उठला. त्याच्या पेठवार आणि गाववार याद्या मिळाल्या तर त्या काळचा दुकानदार नावानिशी दिसतो. पेठांची जुनी नावं माहीत असू द्या: शनिवार पेठ म्हणजे मुर्तझाबाद, रविवार म्हणजे मलकापूर, बुधवार म्हणजे मुहियाबाद.

राहिला पानशेतचा पूर. तुमचे कागद गेले ते घरचे आणि दुकानातले. वर सांगितलेले कागद सरकारी दप्तरांत, वाचनालयांत आणि चुलत्यांच्या घरी आहेत. उलट त्या पुराने नवे कागद निर्माण केले. नुकसानीचे पंचनामे झाले, मदत आणि कर्जं वाटली गेली, पूरग्रस्तांना नव्या वसाहतींत जागा मिळाल्या. आजोबांनी जागेसाठी किंवा मदतीसाठी अर्ज केला असेल तर त्यात दुकानाचा पत्ता, मालाची अंदाजे किंमत आणि कुटुंबातल्या माणसांची नावं दिलेली असणार. वडिलांना किंवा आत्याला विचारा, पुरानंतर राहायला कुठे गेलात. सहकारनगर, गोखलेनगर, लोकमान्यनगर असं काही उत्तर आलं तर वाटपाचा कागद कुणाच्यातरी कपाटात असतोच. जुलै-ऑगस्ट १९६१ च्या अंकांत 'आमचे दुकान पूर्वीच्या जागेऐवजी' अशा स्थलांतराच्या छोट्या जाहिरातीही पाहा; आजोबांचं दुकान उघडलं नसेल, पण वेगळ्या झालेल्या भावाने दुसरीकडे उघडलेलं असू शकतं.

ती वही पुराचं पाणी लागलेली असेल आणि पानं चिकटली असतील तर ओढून सोडवू नका, ऊन देऊ नका, आणि कुणी कितीही सांगितलं तरी लॅमिनेशन करू नका. मोकळ्या हवेत सावलीत ठेवा, उघडतात तेवढ्या पानांचे दिवसाच्या उजेडात फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून, म्हणजे आकार कळेल. भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा पुरालेखागारात कागदाची डागडुजी जाणणारी माणसं भेटतील, चिकटलेली पानं त्यांना दाखवा.

पहिल्या पानावरचा शक आणि देवाचं नाव, पावतीवरचा घर नंबर आणि पाटीवरचं पेढीचं नाव एवढं कळवलंत तर कोणत्या वर्षांचे अंक आधी काढायचे ते नेमकं सांगेन.